बोलता पाय

धुळाजीचा उजवा पाय बोलायचा. ही बाता मारायची गोष्ट नाही. तीर्थपुरीपासून वाटूरपर्यंतच्या दहा-पंधरा खेड्यांत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, आणि वर आपल्या गावची विहीर बोट करून दाखवली असती. काळ पोलीस ॲक्शनच्या आठ-दहा वर्षं आधीचा. विहीर खणायची म्हटली की पाणाड्या आणायचा, आणि पाणाड्या म्हणजे धुळाजी धनगर, असा त्या भागाचा रिवाजच होऊन बसला होता.

बाकीचे पाणाडे तळहातावर नारळ आडवा धरून फिरत, कुणी मेंदीची दुबेळकी, दोन फाट्यांची फांदी घेई. धुळाजीला असलं सामान लागत नसे. भल्या सकाळी उठून तो पाय धुवायचा, अन्नाला शिवायचा नाही आणि ओल्या पायानं अनवाणी रानात उतरायचा. खाली पाणी असलं की उजव्या पायाच्या मधल्या बोटांच्या बुडाशी बारीक झिणझिण उठायची आणि घोट्यापर्यंत चढायची. मग तो तिथंच खुंटी ठोकायचा आणि सांगायचा, इथं चार परस, नाहीतर इथं सहा. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. त्यानं ठोकलेल्या एकवीस खुंट्यांपैकी एकोणीस विहिरींना पाणी लागलं होतं. उरलेल्या दोन कुणी खणल्याच नाहीत, कारण भावाभावांत भांडणं लागली. पण त्याही धुळाजी आपल्याच बाजूनं मोजायचा.

ही विद्या बापाची. मेंढरांमागं फिरता फिरता बापानं ती पोराच्या पायात उतरवली आणि सोबत काही बंधनंही घातली. एका जागेला लागोपाठ दोनदा विचारायचं नाही. जी जमीन कोरडी म्हणून ठाऊक आहे तिला कधीच विचारायचं नाही, नाहीतर पाय खोटं बोलायला शिकतो. ज्या घरासाठी खुंटी ठोकली त्या घरचं पाणी विहीर लागेपर्यंत प्यायचं नाही, आणि लागली की पहिला तांब्या पाणाड्याचा. धुळाजीनं ही बंधनं देवाच्या नेमासारखी पाळली. खरं सांगायचं तर त्याचा घात त्यांतल्या दुसऱ्यानंच केला.

पन्नाशी उलटली आणि तो पाय दुखायला लागला. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधोमध, तळव्याच्या आत, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागायची. पाय टेकवला की निखाऱ्यावर ठेवल्यासारखी आग. बिब्ब्याचा चटका देऊन झाला, रुईचं पान बांधून झालं, एका जाणत्यानं तापल्या विळ्यानं डागही दिला. त्या हिवाळ्यात एके दिवशी धुळाजी उंबऱ्यापासून बाजेपर्यंत रांगत गेला. ते पाहून त्याच्या बायकोनं, गोपिकाबाईनं, त्याला एका शब्दानं न विचारता शेजाऱ्याची बैलगाडी मागितली आणि नवऱ्याला जालन्याच्या दवाखान्यात नेऊन घातलं.

तिथला डॉक्टर मद्रासकडचा, मोडक्यातोडक्या दख्खनीत बोलणारा, पण मन लावून तपासणारा. त्यानं सांगितलं की ही रक्ताची शीर नव्हे, जिच्यामुळं पायाला जाण असते ती शीर आहे. तिच्यावर गाठ धरली आहे आणि ती कापून काढावी लागेल. धुळाजी कापा म्हणाला. शीर कापल्यावर पाय बोलेल का, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती चकचकीत हत्यारं, ते पांढरे कपडे. त्या माणसांपुढं पाण्याची नि पायाची गोष्ट काढायची त्याला लाज वाटली. गावोगावचे पाटील ज्याच्या पायाकडं डोळे लावून बसायचे तो माणूस त्या टेबलावर चोरासारखा गप्प पडून राहिला.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरनं नवराबायकोला समोर बसवलं आणि सावकाश समजावलं. पुढचा तळवा आणि मधली बोटं आता बधिर राहतील. काटा रुतला, चटका बसला, तरी कळणार नाही. म्हणून अनवाणी चालायचं नाही. "रोज मुँह देखते, वैसाच तलवा देखना," असं तो दोनदा म्हणाला. आणि आणखी एक. कधीकधी कापलेल्या शिरेचं टोक सहा-आठ महिन्यांनी पुन्हा गाठ धरतं, मग तिथं दाब पडला की वीज चमकल्यासारखं होतं. तसं झालं तर सरळ इकडं यायचं. धुळाजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, जशी तो तहसिलीतल्या कारकुनापुढं डोलवायचा. गोपिकाबाईनं मात्र एकेक शब्द पदराच्या गाठीला बांधला.

आग गेली. धुळाजी महिनाभरात सरळ चालायला लागला, वहाणा घालून बाजारालाही गेला. पण पाय मुका झाला होता. एका सकाळी कुणी बघत नाही असं पाहून तो तीर्थपुरीच्या शिवारातल्या आपल्याच एका जुन्या विहिरीवर गेला. दोन परसांवर पाणी लखलखत होतं आणि काठावर उभ्या असलेल्या पायाला त्याचा पत्ता नव्हता. तो आणखी एका विहिरीवर गेला, मग तिसऱ्या. घरी येऊन तो जेवला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि सांगायचं कुणाला? पावसाळ्याआधी दोन गावांची बोलावणी आली. एकाला त्यानं ताप आलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्याला सुतक आहे म्हणून. गोपिकाबाई रोज सांजेला दिव्याजवळ बसून कुंकवाच्या करंड्यातला आरसा त्याच्या तळव्याखाली धरायची, काटा असला तर काढायची.

दसऱ्याच्या सुमाराला तो बांधावरून चालला होता. वहाण तुटली म्हणून हातात घेतली होती. एका जागी पाय पडला आणि बोटांच्या बुडातून सणक उठून पार पोटरीपर्यंत गेली. धुळाजी जागच्या जागी खाली बसला आणि रडला. आधीपेक्षा दसपट जोरानं पाय बोलला होता. तो तसाच लंगडत आपल्या जुन्या विहिरीवर गेला, पाय धुतला, बापानं शिकवल्याप्रमाणं बोटांवर भार देऊन उभा राहिला, आणि पुन्हा सणक आली. दुसऱ्या विहिरीवर आली. तिसऱ्यावरही आली. घरी येऊन त्यानं गोपिकाबाईला गूळ वाटायला सांगितला.

गोपिकाबाईनं गुळाचा खडा हातात घेतला नाही. "डाक्टर काय म्हनल्ता ते आठवा जरा," ती म्हणाली. "कापलेल्या शिरेचं टोक गाठ धरतं, मंग वीज चमकल्यावानी व्हतं."

"बायांनी पाण्याच्या गोष्टीत पडू न्हाई."

"मी पायाच्या गोष्टीत पडून राह्यले. एकदा आपल्या खळ्यावर पाय टाकून बघा. तिथं निस्ता खडक हाये, पाणी न्हाई, हे सगळ्यायला ठावं हाये."

तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. कोरड्या खडकावर पाय ठेवला असता तर दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी झालं असतं. पण कोरड्या जमिनीला विचारायचं नाही, हे बंधन होतं ना. बाप मेला तरी बंधन मेलं नव्हतं. खळ्यात जायची वेळ आली की धुळाजी वहाणा पायात घट्ट करून जायचा. आणि मनाच्या तळाशी त्याला भीतीही होती, हे कबूल करायला हवं. सापडलेली वस्तू पुन्हा हरवते की काय, ही ती भीती.

माघात जावई आला. राधाकिसन मितभाषी माणूस, आल्यावर दोन घटका इकडचं तिकडचं बोलला आणि मग मूळ गोष्टीवर आला. वाटूरजवळच्या माळावर त्यांची सहा घरांची वस्ती. उन्हाळ्यात ओढा आटला की खाली उतरून वाळूत झिरा उकरायचा, वाटी वाटीनं घागर भरायची आणि घसरट्या पायवाटेनं चढून यायचं. धुळाजीची एकुलती एक लेक बायना मागच्या साली सातव्या महिन्यात याच चढावर घागरीसकट पडली होती आणि पोटातलं लेकरू गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना चालू होता. दाराजवळ विहीर झाली तर बायनाला तो चढ चढावा लागणार नाही, एवढंच राधाकिसनचं मागणं होतं.

गोपिकाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. जावयासमोर नवऱ्याला अडवायचं तिला जमलं नाही, आणि त्याचं दुःख तिनं पुढं जन्मभर केलं. धुळाजी जावयासोबत निघाला तेव्हा तिनं करंडा रिकामा करून त्याच्या गाठोड्यात ठेवला आणि रोज तळवा बघायला विसरू नका, असं बजावून सांगितलं.

वाटूरच्या वस्तीवर विहिरीची जागा खरं तर ठरल्यातच जमा होती. कडूबा म्हणून वस्तीवरचा म्हातारा होता. घरांपासून शंभरेक पावलांवर, चढाच्या अलीकडं, सपाटीला एक जुनं उंबराचं झाड होतं. उंबराखाली पाणी असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं कडूबाचं म्हणणं. पण पाणाड्या आल्यावर त्याला विचारल्याशिवाय कसं चालेल? सकाळी धुळाजी ओल्या पायानं निघाला. उंबरापर्यंतची वाट मऊ मातीची होती. तिथं पाय अलगद पडला आणि काहीच झालं नाही. परत येताना घराच्या मागं, जिथं मुरूम वर आला होता, तिथं बोटांखाली एक कठीण उंचवटा दाबला गेला आणि पाय असा बोलला की धुळाजीच्या तोंडातून हुंकार फुटला. त्यानं तिथंच खुंटी ठोकली. पाच परस, तो म्हणाला.

कडूबानं मान हलवली. खडक आहे, म्हणाला. तेव्हा राधाकिसन, जो कुणाला उलटून बोलत नसे, तो सासऱ्याच्या बाजूनं उभा राहिला.

"उंबराला बोलता येत न्हाई, कडूबा. मामाच्या पायाला येतं."

बायना दारात उभी होती. विहीर घराच्या इतकी जवळ निघाली की भांडं घासता घासता पोहरा सोडता येईल, हे पाहून ती हसली. मागच्या सालापासून लेक हसलेली धुळाजीनं पाहिली नव्हती. तिनं बापाला पाण्याचा तांब्या आणला, तेव्हा त्यानं हात जोडून तो परत केला. पाणी लागेपर्यंत या घरचं पाणी नाही. पहिला तांब्या तुझ्या हातचा पिईन, असं तो तिला म्हणाला.

होळीनंतर खणायला सुरुवात झाली. पहिला परस मुरमाचा, तो आठ दिवसांत निघाला. मग काळा पाषाण लागला. पहारीनं ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा सुरुंगवाला आणला. वस्तीवरचे सगळे गडी त्या खड्ड्यात उतरले, बाया टोपल्या वर ओढायला लागल्या. आणि यातली गंमत म्हणा, दैवाची थट्टा म्हणा, ती अशी की आधी राधाकिसन स्वतः खांद्यावर कावड घेऊन बायनाच्या वाटचं पाणी आणायचा; आता विहीर खणायची म्हणून त्याला तो वेळ उरला नाही. बायनाची सासू झुंबरबाई गुडघ्यांनी अधू. मग बायनाच घागर घेऊन चढ उतरायला लागली. विहीर होईपर्यंतच, असं ती म्हणायची.

धुळाजी तिथंच राहिला. स्वतःचं पाणी तो झिऱ्यावर जाऊन ओंजळीनं प्यायचा. दिवसभर खड्ड्याच्या काठाशी फिरायचा, तेही अनवाणी, कारण खुंटी ठोकल्यावर पाणी लागेपर्यंत वहाण घालायची नाही, असं त्यानं आपल्या मनानंच आणखी एक बंधन घेतलं होतं. गाठोड्यातला आरसा त्यानं एकदाही काढला नाही. जावयाच्या घरी बाजेवर बसून आरशात पाय बघणारा म्हातारा लोकांना कसा दिसेल, याचीच त्याला फिकीर. सुरुंगानं उडालेल्या दगडांच्या धारदार कपच्या सगळीकडं पसरल्या होत्या आणि तो त्यांच्यावरून चालत होता.

चार परस झाले. पाच झाले. पाषाण कोरडा ठणठणीत. पाचाच्याही खाली गेले. कडूबा नुसता उंबराखाली जाऊन बसत होता. आणि धुळाजी रोज सांगत होता, आणखी अर्धा परस.

वैशाखातल्या एका दुपारी बायना अंगण झाडत होती. सारवलेल्या जमिनीवर तिला तांबडे ठसे दिसले, दारातून बाजेपर्यंत गेलेले. सगळे एकाच पायाचे. तिनं केरसुणी टाकली आणि बापाला बाजेवर बसवलं. तळव्यात दगडाची कपची अडीच बोटं आत रुतून बसली होती, भोवतीचं मांस सडून पांढरं पडलं होतं, आणि धुळाजीला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. सहावा महिना लागलेली ती पोर अवघडून खाली बसली, बापाचा पाय तिनं मांडीवर घेतला, कपची काढली, हळद भरली आणि जखम पुसता पुसता बोटांच्या बुडाशी अंगठा दाबला.

पाय बोलला.

तीच सणक, तसाच जोर, थेट पोटरीपर्यंत. धुळाजी बाजेवर होता. पाय लेकीच्या मांडीवर होता. पायाखाली जमीन नव्हती, पाणी नव्हतं, बायनाचं जुनेर लुगडं होतं.

"दुखलं का, बाबा?" तिनं विचारलं.

तो न्हाई म्हणाला. ती चिंधी बांधून उठून गेल्यावर त्यानं स्वतःच अंगठ्यानं तिथं दाबून पाहिलं. पुन्हा सणक. पुन्हा दाबलं, पुन्हा सणक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एका जागेला लागोपाठ दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा पायानं खरं तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाला होता तेच. गोपिका म्हणाली होती तेच. मागं खड्ड्यातून पहारीचे ठोके ऐकू येत होते.

त्याच वेळी उठून विहिरीवर जायचं आणि वर या रे, पाणी नाही, असं म्हणायचं. एवढंच काम होतं. धुळाजी उठला देखील, काठापर्यंत गेला. खाली राधाकिसन घामानं निथळत होता. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "मामा, बराबर चाललंय ना?" धुळाजीच्या तोंडून "हां, बराबर" असं निघून गेलं. मग ते मागं घेणं त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, पाषाणाच्या पोटात कुठं ना कुठं पाणी असतंच, लागेलही. तिसऱ्या दिवशी वाटलं, आज संध्याकाळी सांगू. एकोणीस विहिरींचा मालक होता तो. एवढं मोठं नाव तोंडातून एका वाक्यात टाकून देणं सोपं नसतं, हे खरं. पण लेकीची घागर रोज डोळ्यांदेखत चढ उतरत होती, हेही खरं. मी त्याची बाजू घेत नाही.

चौथ्या दिवशी उन्हं डोक्यावर असताना बायना चढावर पडली. घागर खडकावरून घरंगळत गेली, तिचा आवाज वस्तीपर्यंत आला. बाया धावल्या. तिला उचलून आणली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. मुलगा होता. झुंबरबाईनं त्याला फडक्यात गुंडाळलं आणि राधाकिसननं त्याला वस्तीच्या मागं नेऊन पुरलं. विहिरीतले लोक पहारी तिथंच टाकून वर आले होते.

त्या सांजेला धुळाजीनं सगळ्यांपुढं तोंड उघडलं. माझा पाय खोटा झालाय, म्हणाला. दवाखान्यात शीर कापली तेव्हापासून तो उगीच सणकतो. इथं पाणी नाही, उंबराखाली खणा. केव्हा कळलं, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. राधाकिसन उठला. मग खांद्यावर पहार घेऊन उंबराकडं गेला आणि एकटाच खणायला लागला. थोड्या वेळानं बाकीचे गडीही गेले.

तिसऱ्या दिवशी दीड परसावर पाणी लागलं. मुरमातून चारी बाजूंनी पाझर फुटले. खणणाऱ्यांच्या पोटऱ्या बुडाल्या. तीन दिवस. धुळाजीनं बाजेवर पडल्या पडल्या बोटांवर मोजलं. बायनानं पाय मांडीवर घेतला त्या दुपारी त्यानं तोंड उघडलं असतं, तर तिसऱ्या दिवशी इथं पाणी असतं आणि चौथ्या दिवशी ती चढावर नसती. त्यानं दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. कितीही वेळा मोजलं तरी हिशेब तोच येत होता.

पाय एव्हाना घोट्यापर्यंत सुजला होता, बोटं काळी पडली होती आणि वास येत होता. सांगावा गेल्यावर गोपिकाबाई गाडी घेऊन आली. तिनं पाय पाहिला, गाठोडं सोडलं, करंड्यातल्या आरशावर बसलेली धूळ पाहिली आणि आरसा पदरानं पुसून आपल्या कमरेला खोचला. परतूरच्या ठेसनावरून आगगाडीनं जालन्याला न्यायचं ठरलं. पाय आता राहायचा नाही, हे तिला पाहताक्षणी कळलं होतं.

निघायच्या वेळी पंचाईत उभी राहिली ती पहिल्या तांब्याची. नव्या विहिरीचं पाणी निवळलं होतं, पण रिवाजाप्रमाणं पहिला तांब्या पाणाड्याचा, आणि या विहिरीला पाणाड्या कोण? कडूबानं तो उंबराच्या मुळाशी ओतावा असं सुचवलं. तेवढ्यात बायना घरातून बाहेर आली. सात-आठ दिवसांत तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. तिनं राधाकिसनच्या हातातून तांब्या घेतला, गाडीपाशी आली, बापाच्या पायावरची चिंधी सोडली आणि ते पाणी हळूहळू जखमेवर ओतायला लागली.

"गार लागलं का, बाबा?"

लागलं म्हणता आलं असतं. तेवढं ऐकायलाच ती आली होती. धुळाजीनं पायावरून ओघळणाऱ्या पाण्याकडं पाहिलं.

"न्हाई, बायना. काईच लागत न्हाई," तो म्हणाला. "तू पाय मांडीवर घेतल्ता त्या दिशीच मला समजलं व्हतं. इथं पाणी न्हाई म्हून. चार दिस मी बोल्लो न्हाई."

बायनाचा हात थांबला नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली. मग तिनं कोरडी चिंधी घेऊन जखम नीट बांधली, गाठ मारली, गाठ घट्ट बसली का ते ओढून पाहिलं. उठून तिनं आईचे पाय धरले. बापाकडं वळली, क्षणभर थांबली, आणि तांब्या घेऊन उंबराकडं चालायला लागली. लेक पाया पडल्याशिवाय बाप तिच्या दारातून निघाला, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

राधाकिसननं बैल जुंपले. मागं सव्वापाच परसांचा तो कोरडा खड्डा उघडा पडला होता, त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. गाडी माळावरून निघाली. परतूरपर्यंतची सगळी वाट दगडाधोंड्यांची, उन्हानं तडकलेली, दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब नाही. आणि चाक धोंड्यावर चढलं की धुळाजीचा पाय बोलायचा, खाली आदळलं की पुन्हा बोलायचा. इथं पाणी आहे, इथं आहे, इथंही आहे, असं तो पाय ठेसन येईपर्यंत सांगत राहिला.